राजकारण कुठं शिकलास?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रपाळी संपत आली होती. रिंग खात्यातली आम्ही दहाबारा कंत्राटी पोरं, भुवयांना कापूस चिकटलेला तसाच, साहेबाच्या केबिनपुढं उभी होतो. विचारायचं एवढंच होतं की पगारातून पीएफ म्हणून जे पैसे कापले जातात ते जातात कुठं, आणि पगाराची स्लिप आम्हाला का मिळत नाही. बाकीची पोरं एकमेकाला कोपरानं ढोसत होती. शेवटी मी बोललो. साहेबानं चहाचा कप खाली ठेवला, माझं आडनाव विचारलं, आणि म्हणाला, "हे राजकारण कुठं शिकलास रे?"

गिरणीचं नाव लिहीत नाही. पोट अजून तिथंच आहे.

त्याला काही उत्तर नको होतं. आडनाव कळल्यावर त्याला उत्तर मिळालंच होतं. पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. साच्यावर तार तुटते, आपण सांधतो, पुन्हा तुटते, पुन्हा सांधतो. हात आपोआप चालतात, आणि डोकं मोकळं असतं. आठ तास तोच प्रश्न. कुठं शिकलो?

मित्रांनो, आपल्यातल्या कुणालाही हे विचारा. तो एका दमात सांगेल, बाबासाहेबांच्या पुस्तकातून. मीही कविसंमेलनात माईक हातात आला की असंच ठोकून देतो. खोटं आहे ते. मी बारावी नापास झालो, गिरणीत लागलो, आणि बाबासाहेबांचं पहिलं पुस्तक विहाराच्या कपाटातून काढलं तेव्हा मला एकोणिसावं लागलं होतं. त्याच्या कितीतरी आधी मला ठाऊक होतं की गावात कुठली आळी कुणाची, कुठल्या घरापुढं चपला हातात घ्यायच्या असा आजोबांच्या काळी नियम होता, आणि मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत जीप कशाला येते. हे कुठल्या पुस्तकात होतं?

माझी पहिली आठवण २००९ सालची. मी नऊ वर्षांचा. चौदा एप्रिल जवळ आली होती आणि मिरवणुकीचा रस्ता ठरवायला चावडीत शांतता कमिटीची बैठक होती. आमच्या वस्तीतले पाच-सहा जण गेले, त्यात माझा बाप. मी त्याचं बोट धरून. एका बाजूला फौजदार खुर्चीवर, शेजारी गावचे पुढारी खुर्चीवर, आणि आमची माणसं सतरंजीवर. सतरंजीवर बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. खुर्च्या रिकाम्या होत्या. ठरलं असं की मिरवणूक वस्तीतून निघेल, डांबरी सडकेनं बाहेरून जाईल आणि समाजमंदिरात संपेल. वेशीतून आत, पेठेतून, देवळापुढून जायचं नाही. मी मोठ्यानं बापाला विचारलं, "आपण देवळापुढनं का नाही जायचं? गणपती तर आपल्या वस्तीपुढनं जातो की."

सगळी चावडी गप झाली. फौजदार हसला. बापानं माझं मनगट असं दाबलं की वळ उठला. म्हणाला, "गप बस." आणि कागदाखाली सही केली.

घरी येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. मीही नाही. त्या दोन शब्दांचा राग मी पुढं दहा वर्षं धरून होतो. माझा बाप भित्रा आहे, असं मी मित्रांत सांगायचो. हा लेख खरं तर त्या रागाबद्दल आहे. पण आधी इतिहास.

माझ्या आधी किती पोरांनी असं मोठ्यानं विचारलं असेल, याचा मी शोध घेऊ लागलो. वाचनालयवाले काका ओळखीचे आहेत, पाळी संपली की त्यांच्याकडं जाऊन बसतो. सापडलेल्यांतलं सगळ्यात जुनं नाव एका मुलीचं आहे. मुक्ताबाई साळवे. मांग समाजातली, जोतिबा आणि सावित्रीबाईंच्या शाळेत तीनेक वर्षं शिकलेली. १८५५ साली 'ज्ञानोदया'त तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. वय चौदा. आमच्या अभ्यासवर्गात तिचं नाव घेतात, टाळ्या वाजवतात आणि पुढं जातात. निबंध कुणी वाचत नाही. वाचा. ती विचारते की वेद जर ब्राह्मणांचेच, आम्ही ते बघितले तरी पाप, तर मग आम्ही धर्मावाचून राहिलेले लोक झालो की नाही? आमचा धर्म कुठला, हे कुणीतरी सांगा. तिच्या जातीच्या बाया उघड्यावर बाळंत होतात, त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतं, हेही ती लिहिते. चौदा वर्षांच्या पोरीनं बाळंतपणाचं दुःख छापून आणायचं, हे आजही सोपं नाही.

मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. ती पेशवाईतल्या जुलमाबद्दल लिहिते, तालीमखान्यापुढून आमचा माणूस गेला तर त्याच्या शिराचं काय करत, ते लिहिते. पेशवाई १८१८ ला बुडाली. मुक्ताबाई त्यानंतर वीसेक वर्षांनी जन्मली. मग तिला हे कुणी सांगितलं? शाळेत थोडं कळलं असेल. पण इतकं पोटातून आलेलं घरातलंच असतं. कुणीतरी आजा, कुणीतरी आजी रात्री चुलीपुढं हे बोलली असणार, आणि पोरीनं मध्येच काही विचारलं तेव्हा तिला गप बस म्हणालेली नसणार. हा माझा तर्क आहे. पण याशिवाय मला त्या निबंधाचा उलगडा होत नाही.

दुसरं पोर सगळ्यांना माहीत आहे. १९०१ चा सुमार, भीमा नऊ वर्षांचा. वडील रामजी सुभेदार कोरेगावला रोखपालाच्या नोकरीवर होते, तिकडं दुष्काळी काम चाललं होतं. उन्हाळ्याच्या सुटीत पोरं बापाला भेटायला निघाली. भीमा, त्याचा भाऊ आणि बहिणीची पोरं. नवे कपडे, डोक्यावर झकास टोप्या, खिशात पैसे. मसूर स्टेशनला उतरली तर न्यायला कुणी नाही. स्टेशनमास्तर आधी गोड बोलला, मग जात विचारली, आणि त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवाला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर राजी झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची आणि तो बाजूनं चालणार. बरोबर खायला भरपूर होतं. पाणी नव्हतं. रात्री जकातीच्या नाक्यावर गाडीवाल्याच्या सांगण्यावरून भीमानं आपण मुसलमान आहोत असं उर्दूत सांगून पाणी मागितलं. तरी मिळालं नाही. पोरं भरल्या डब्यापुढं उपाशी झोपली.

ही गोष्ट आपण जयंतीला सांगतो आणि रडतो. पण बाबासाहेबांनी पुढं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यावर जे लिहिलं, ते आपण सोडून देतो. ते सांगतात की आपण अस्पृश्य आहोत हे त्यांना त्या प्रवासाच्या आधीही ठाऊक होतं. शाळेत वेगळं बसायचं, घरून आणलेल्या गोणपाटावर. शिपायानं नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच. हे रोजचं होतं, म्हणून त्याचं काही वाटत नव्हतं. ऊन लागतं, पाऊस पडतो, तसं. त्या प्रवासानं पहिल्यांदा धक्का बसला आणि विचार सुरू झाला.

माहीत असणं आणि विचार सुरू होणं, यात एवढं अंतर असतं. मी स्वतः चावडीत सतरंजीवर बसलो तेव्हा मला काही वाटलं नाही. रिकाम्या खुर्च्या मला पुढं कितीतरी वर्षांनी आठवल्या.

आणि तहानेला इथं तोटा नव्हता. १९०१ साली महाराष्ट्रात आपली अशी किती पोरं तहानेली झोपली असतील, त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. ती सगळी आंबेडकर झाली नाहीत. अपमान झाला की माणूस आपोआप जागा होतो, असं आपण कवितेत लिहितो. मीही लिहिलंय. पण नुसत्या अपमानानं माणूस दारू पितो, बायकोला मारतो, नाहीतर पोराचं मनगट दाबतो. अपमानाचं राजकारण व्हायला मध्ये कुणीतरी लागतं. भीमाला बाप होता, कबीरपंथी, लष्करी शाळेत मास्तर राहिलेला, पोरांना पहाटे उठवून वाचायला बसवणारा. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसलेल्या त्या पोराकडं लक्ष गेलेले कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी होते. १९०७ ला भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याला दिलं. ती सभा भरवणारी माणसं होती. पोराला कुणीतरी मोजलं. त्या मसूरच्या रस्त्यापासून महाडच्या तळ्यापर्यंत सव्वीस वर्षं लागली, आणि त्या सव्वीस वर्षांत अशी माणसं पेरलेली आहेत.

महाडचंच आणखी एक पोर घ्या. रामचंद्र बाबाजी मोरे, जन्म १९०३. १९१४ साली म्हणजे अकराव्या वर्षी स्कॉलरशिप मिळवून तो महाडच्या इंग्रजी शाळेत गेला. शाळा एका सवर्णाच्या जागेत भरायची, त्याला आपल्या जागेत अस्पृश्य पोरगा नको होता. शाळेनं प्रवेश नाकारला. दुसरं पोर घरी जाऊन रडलं असतं. यानं वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते छापून आलं आणि शाळेला त्याला घ्यावं लागलं. अकरा वर्षांचं पोर! तेच पोर चोविसाव्या वर्षी, १९ आणि २० मार्च १९२७ ला, महाडच्या परिषदेच्या आयोजकांत होतं. पुढं मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले, म्हणून आपल्यातले काही जण त्यांचं नाव घेताना अडखळतात. मला ते पटत नाही. ज्या गावानं शाळेचं दार लावलं त्याच गावात परिषद बोलवायचं सुचलं, ते काय उगाच सुचलं असेल?

महाडचं तळं कायद्यानं आधीच खुलं होतं, हे लक्षात ठेवा. १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं सगळ्यांना खुलं केलं. तीन वर्षं कागद कागदाच्या जागी आणि तळं तळ्याच्या जागी. २० मार्चला माणसं मंडपातून उठून, गावच्या रस्त्यानं चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. नंतर डोकी फुटली, पण चालत गेली. हे वाचलं त्या रात्री मला चावडीतला कागद आठवला. आमच्या मिरवणुकीचा रस्तासुद्धा कुठल्या कायद्यानं बंद नव्हता.

आता गिरणी. आमच्या धंद्याचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं भरपूर होती, पण विणकाम खात्यात नव्हती. कारण धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. अस्पृश्याच्या थुंकीचा धोटा सवर्ण तोंडाला कसा लावणार? म्हणून आपली माणसं रिंग खात्यात, आणि जास्त पगार विणकामात. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात युनियनच्या मागण्यांत हा विषय यावा म्हणून बाबासाहेबांना भांडावं लागलं. लाल बावट्याखालीसुद्धा. मी रिंग खात्यातच आहे. आता धोटे तोंडानं ओढत नाहीत, आणि माझ्या गिरणीत विणकामच नाही, नुसतं सूत. पण ज्या दिवशी हे वाचलं त्या दिवशी साच्यापुढं उभं राहून मी आमच्या कंत्राटी पोरांची आडनावं मनात मोजली. कायम कामगारांचीही मोजली. मग स्लिपचा प्रश्न घेऊन साहेबाकडं गेलो. म्हणजे, साहेब, थोडंफार इथंही शिकलो.

त्या काळच्या चाळीतली पोरं मात्र पुस्तकांनी शिकली नाहीत, ती जलशांनी शिकली. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्यांचे आंबेडकरी जलसे १९३० च्या पुढं गावोगाव फिरले. साचा तमाशाचाच. गण, गवळण, वग. पण गणपतीच्या जागी दुसरं काही, आणि वगात सावकार, पाटील, महार, त्याची बायको. अक्षर न येणारी माणसं रात्रभर बसून ऐकायची, आणि त्यांच्या मांडीवर पोरं. पोरं झोपली असं आयांना वाटायचं. पोरं झोपत नसतात. वामनदादा कर्डकांना तरुणपणी वाचता येत नव्हतं, मोठेपणी अक्षर शिकले आणि हजारो गाणी लिहिली. आज आमच्या वस्तीत जयंतीला डीजे असतो. मी डीजेच्या विरोधात नाही, मीही नाचतो. पण डीजेपुढं पोराला काही विचारता येत नाही. ऐकूच येत नाही.

बायांबद्दल आपण कमी लिहितो. २० जुलै १९४२ ला नागपूरला अस्पृश्य महिलांची परिषद झाली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, हजारो बाया आल्या. बाबासाहेब तिथं पोरांबद्दल बोलले. पोरांना शिकवा, त्यांच्या मनातून कमीपणा काढा, लग्नाची घाई करू नका. मतं मागितली नाहीत. त्यांना ठाऊक होतं की राजकारण पोरात शिरतं ते आईकडून. १९८९ ला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं तेव्हा अशा कितीतरी बाया बोलत्या झाल्या. तोपर्यंत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही माझ्या आजीला ते पुस्तक वाचल्यावरच विचारलं.

आजी म्हणाली, "मी जेलात जाऊन आलीय, तुला ठावं न्हाई व्हय?" मला ठावं नव्हतं.

तिचं माहेर-सासर नांदेडकडचं. ६ डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या पुढारपणाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, धान्य स्वस्त करा, संसदेत बाबासाहेबांची तसबीर लावा, अशा मागण्या. लाखांवर माणसं तुरुंगात गेली, बाया कडेवर पोरं घेऊन गेल्या. (तसबीर लागली १९९० ला. सव्वीस वर्षं. आपल्याकडं सगळ्याला सव्वीस वर्षं लागतात की काय!) आजी तेव्हा अकरा वर्षांची, आईबरोबर गेली. किती दिवस होती ते तिला सांगता येत नाही. सत्याग्रह कशासाठी, तेही तिला तेव्हा कळलं नव्हतं. तिला आठवतं ते असं, की एका कारकुनानं वही उघडली आणि तिचं पूर्ण नाव विचारलं. "आमाला गावात कुनी नाव घिऊन हाक मारत नव्हतं. ए पोरी, अगं ए, झालं. त्यानं बापाचं नाव इचारलं, आडनाव इचारलं, समदं लिवलं." मग आत एका बाईनं कोळशानं भिंतीवर ते नाव लिहून तिला गिरवायला लावलं. एवढीच तिची शाळा. आजी आजही सही करते ती त्या भिंतीवरची.

आणि आता माझा बाप.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. लगेच मराठवाडा पेटला. विद्यापीठ कुठं आणि खेडी कुठं! ज्यांनी विद्यापीठाचं फाटक पाहिलं नव्हतं त्यांची घरं जळाली. पोचीराम कांबळे नांदेड जिल्ह्यात मारले गेले. हे सगळं मला पुस्तकातून कळलं होतं. तारखा पाठ होत्या. १९७९ चा लाँग मार्च, गौतम वाघमारे यांनी २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात स्वतःला जाळून घेतलं, १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार. अभ्यासवर्गात मी घडाघडा सांगायचो. आजीशी बोलत बसलो त्या दिवशी सहज विचारलं, तुम्ही नांदेडकडून सोलापूरला कधी आलात? म्हणाली, "घर जळालं तवा." कधी जळालं? "तुज्या बापाला चौथं लागलं हुतं."

मी बोटांवर मोजलं. १९७८.

रात्री ज्वारीच्या रानात बसले होते. आजीनं बापाच्या तोंडावर पदर दाबून धरला होता, रडला तर ऐकू जाईल म्हणून. त्याच्या कानात ती सारखं एकच बोलत होती. काय बोलत होती ते मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं. "गप बस, गप बस, माज्या राजा, गप बस." पुढं तिच्या भावाकडं, जो सोलापूरच्या गिरणीत बदलीवर होता, आले, आणि जवळच्या या गावात राहिले.

आमच्या घरात हे कधी कुणी बोललं नव्हतं. मी नामांतरावर दोन कविता लिहिल्या, मंचावर म्हटल्या, बाप मागच्या रांगेत बसून ऐकत होता, आणि मला ठाऊक नव्हतं.

दहा वर्षं मी समजत होतो की माझ्या बापाला राजकारण कळत नाही. त्याला माझ्याआधी कळलं होतं. चौथ्या वर्षी. मोठ्यानं बोललं की घर जळतं, हाही राजकारणाचा एक धडा आहे, आणि आपल्या हजारो घरांत तोच पहिला धडा आहे. कुणी त्यातून पँथर झाला, कुणी सतरंजीवर बसून सही करू लागला. १९७२ ला मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी पँथर उभी केली तेव्हा ती पोरं पंचविशी-तिशीतली होती, शहरातली होती, वाचणारी होती, एकमेकांना भेटत होती. माझ्या बापाला कुणी भेटलं नाही. त्याला रान भेटलं. आपण आपल्या इतिहासात बोललेल्यांची नावं लिहितो. गप बसलेल्यांचाही इतिहास आहे, तो शेजारच्या खोलीत झोपलेला असतो.

मी त्याला माफ केलं असं लिहिणार नाही. माफ करणारा मी कोण. आणि चावडीतली ती सही मला आजही चुकीचीच वाटते.

एक सांगायचं राहिलं. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला आपल्या लोकांवर दगडफेक झाली आणि ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला. मी सतरा वर्षांचा, बारावीला, आयुष्यात पहिल्यांदा सडकेवर बसलो. त्याच डांबरी सडकेवर, जिथून आमची मिरवणूक बाहेरबाहेरून जाते. दुपारी बाप आला. मला वाटलं ओढून नेणार. तो आमच्यात बसला नाही, घोषणा दिली नाही. बाभळीखाली उभा राहिला. संध्याकाळी रस्ता मोकळा झाला तोवर उभा होता. घरी जाताना फक्त म्हणाला, "पाणी तरी न्यायचं होतंस बरोबर." नंतर ठिकठिकाणच्या वस्त्यांतून पोरं उचलली गेली, तेव्हा तो आठवडाभर रात्री दारात बाज टाकून झोपला. मला तेव्हा त्याचा राग आला होता, माझी बेइज्जती होते म्हणून.

आता आपल्याकडं वळतो. प्रत्येक बैठकीत एक विषय असतोच, नवी पिढी चळवळीत येत नाही. मग शिबिर ठरतं. मागच्या शिबिरात आपण दहा-अकरा वर्षांच्या पोरांपुढं गोलमेज परिषदेवर दोन तास बोललो. मीच बोललो त्यातला एक तास. पोरं जांभया देत होती, आणि खिचडी कधी मिळणार एवढा एकच प्रश्न आला. आम्ही हसलो. पण दुसरा प्रश्न यायला आम्ही जागा कुठं ठेवली होती? 'शंका असतील तर शेवटी विचारा' असं सांगितलं, आणि शेवट आला तेव्हा वेळ संपला होता. हे चावडीपेक्षा फार वेगळं नाही. खुर्च्यांवर आपण आहोत, एवढाच फरक.

माझी भाची चौथीत आहे. माझ्या बहिणीची पोरगी, आमच्याकडंच असते. परवा मी दुसऱ्या पाळीला निघालो होतो, डबा भरत होतो. ती शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "मामा, बाईंनी आज वर्गात सांगितलं, स्कॉलरशिपवाले उभे राहा. आम्ही पाच जण उभे राहिलो. एक मुलगा म्हणाला, ह्यांना फुकटचे पैसे मिळतात. सगळे हसले. बाईपण हसल्या. फुकटचे म्हंजे काय?"

मी म्हणालो, "गप बस जरा, मला उशीर होतोय."

म्हणालो मी. हे सगळं वाचून, एवढं लिहून. दारातून बाहेर पडलो, सायकलवर टांग टाकली, आणि कोपऱ्यावर गेल्यावर ते शब्द मला ऐकू आले. बापाच्या आवाजात. त्या पाळीत माझ्या साच्यावर इतक्या तारा तुटल्या की जॉबर दोनदा ओरडून गेला.

रविवारी तिला घेऊन बसलो. मोरेंची गोष्ट सांगितली, महाडच्या पोराची. तिनं पहिलं विचारलं, "त्यानं पत्र कुणाला लिहिलं?" मग वहीचं पान फाडलं आणि मुख्याध्यापक बाईंना पत्र लिहायला बसली. आठ ओळी. मी फक्त 'शिष्यवृत्ती' हा शब्द सांगितला, बाकी तिचं. आम्हाला सगळ्यांसमोर उभं करू नका, ऑफिसात बोलवून सांगा, आणि ते पैसे फुकटचे का नाहीत ते बाईंनी वर्गाला सांगावं, असं लिहिलंय. शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात आलं नसतं.

बहीण म्हणाली, देऊ नका, पोरीलाच त्रास होईल, अजून वर्ष काढायचं आहे त्या शाळेत. तिचंही खोटं नाही. आजी म्हणाली, खाली पुरं नाव लिव. बाप बाजेवर बसून ऐकत होता. तो काही बोलला नाही. उठला, चष्मा शोधला, आणि पत्र हातात घेऊन उजेडात गेला. बराच वेळ वाचत होता. आठ ओळींना एवढा वेळ लागत नाही.

पत्र फळीवर ठेवलंय, बाबासाहेबांच्या तसबिरीमागं. शाळा उद्या आहे.